डोंगापारला पाणी सांगायचं नाही

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी सावली गावच्या कृषी केंद्रवाल्याने फुकट दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी माझी बायको रंभा तिची पानं फाडून चूल पेटवते. यंदा मी ती पेटीत कुलपात ठेवली आहे. कारण यंदा आमच्या संस्थेचा संबंध थेट हिंदी महासागराशी आला आहे, आणि अशा गोष्टीची नोंद अध्यक्षाने स्वतः ठेवावी. अध्यक्ष मीच, उमाजी. कुसुंबटोल्याच्या मच्छीमार संस्थेचा. आमच्याकडे एक तलाव आहे, चार डोंगे म्हणजे लाकडी होड्या आहेत, आणि सभासद सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे कामं होत नाहीत.

शुद्ध मराठीत लिहायचं ठरवलं आहे. राग आला तर मले जमणार नाई, हे आताच लिहून ठेवतो.

तर गोष्ट अशी. आमची पोरगी रोशनी दोन वर्षांपूर्वी हैदराबादला समुद्राच्या ऑफिसात कामाला लागली. तिथून समुद्र दिसत नाही, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो. पण काम समुद्राचंच. समुद्रात माणसाएवढं उंच एक काळं नळकांडं सोडतात. ते खोल बुडी मारतं, खालीच वाहत राहतं, दहा दिवसांनी वर येतं आणि पाणी कुठे किती गरम, किती खारट, ते उपग्रहाला सांगून परत खाली जातं. जगात अशी चार हजार नळकांडी आहेत. कितीतरी देशांनी आपापली सोडली आहेत, आणि एकाला जे कळलं ते सगळ्यांना फुकट बघायला मिळतं. त्यावरून पुढे पाऊस कसा पडेल याचा अंदाज काढतात. आता एकेका नळकांड्याचं नाव ठेवायला ते लांबलांबच्या गावांना आणि शाळांना सांगत आहेत. रोशनीने आमच्या संस्थेचं नाव घातलं.

आज सभा घेतली. आमचा सेक्रेटरी देवानंद म्हणाला, "त्यात मासे किती लागते?" मी म्हटलं, एकही नाही. सभेचा अर्धा उत्साह तिथेच गेला. मग नावाचा विषय निघाला. मी माझ्या बाबांचं नाव सुचवलं. देवानंद म्हणाला, "तुमचे बाबा दहा दिवस गप्प बसले असते का?" सगळे हसले. मी अध्यक्ष असल्यामुळे हसलो नाही.

रंभा चहा द्यायला आली होती. ती केटली टेकवत म्हणाली, "दम घ्याले वर येते नं? मंग मरळ म्हना." मरळ मासा चिखलात राहतो आणि दम घ्यायला वर येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ठराव एकमताने पास झाला. सूचक म्हणून मी माझं नाव लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

हळदीवरून भानगड झाली.

आमच्यात नवा डोंगा पाण्यात उतरवताना घरच्या लेकीने त्याला हळद लावायची असते. रंभाने फोनवर रोशनीला बजावलं, "मरळले हळद लावल्याबिगर सोडू नोको." पोरीने हैदराबादेत लावली. यंत्राची पेटी केनियाला गेली, तिथून जहाजावर. जहाज फ्रान्सचं, यंत्र आपलं, उपग्रह आणखी कोणाचा तरी. जहाजावरच्या फ्रान्सच्या माणसाने पेटी उघडली, पिवळं पिवळं पाहिलं आणि स्वच्छ पुसून टाकलं. त्याचं म्हणणं, यंत्राच्या नाकाडोळ्यांत काही जायला नको. रोशनीने त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने म्हणे माफी मागितली आणि नाकाडोळ्यांपासून लांब, पोटावर, रुपयाएवढा पिवळ्या पेंटचा ठिपका दिला. म्हणाला, हळद समुद्रात टिकणार नाही, हे टिकेल.

फोटो आला. रंभाने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, "मानूस चांगला आहे. बाईले विचारून केलं असन त्यानं."

मरळ पाण्यात गेली. मी सगळ्या गावाला पेढे वाटले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज शाळेच्या पटांगणात मी भाषण दिलं. विषय, 'समुद्र आणि आपण'. मरळीची माहिती सांगितली. वर पाणी एकोणतीस अंश, आणि दोन हजार मीटर खाली तीन. लोक चकित झाले. मी म्हटलं, "बघा, एवढे देश, कोणाचं कोणाशी पटत नाही, तरी आपापलं पाणी एकमेकांना सांगतात. कारण पाण्याला हद्द कळत नाही. हा खरा मोठेपणा."

टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात देवानंद मागून उठला आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, मंग आपण डोंगापारले पानी काऊन नाई सांगत?"

भाषण मी तिथेच संपवलं.

डोंगापारचं लिहिणार नव्हतो, पण आता विषय निघालाच आहे. आमच्या तलावाचं जास्तीचं पाणी नाल्यातून खाली डोंगापारच्या तलावात जातं. पहिलेपासून रीत अशी की, आम्ही गेट उघडणार असलो किंवा सांडव्यावरून पाणी जाणार असलं, की आदल्या दिवशी आमच्याकडून नाल्यात पळसाच्या पानाचा द्रोण सोडायचा. आत ओल्या मातीचा गोळा, म्हणजे कलंडत नाही, आणि वर हळदीचे तांदूळ. तो सोडायचा मान डोंगापारहून इकडे दिलेल्या लेकीचा. खालचे लोक द्रोण पाहिला की जाळी काढून घेतात. याला आम्ही 'पाणी सांगणे' म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी तलाव असा भरला की माझे हाताएवढाले कतले मासे सांडव्यावरून उड्या मारत डोंगापारला गेले. तिथल्या संस्थेचा अध्यक्ष मुखरू. त्याने ते धरले. मी मागायला गेलो तर चार लोकांसमोर म्हणतो, "तुमच्या माशायवर तुमचं नाव लिहलं होतं का, भाऊजी?" भाऊजी म्हणतो, कारण तो रंभाचा सख्खा भाऊ. म्हनजे माहा साळा. अन् वरून हासते. त्या दिवशी मी संस्थेत ठराव केला, डोंगापारला पाणी सांगायचं नाही. सांडव्यावर बांबूची ताटीही ठोकली, म्हणजे मासाच जाणार नाही. ताटी मी स्वतः विणली आहे. तालुक्यात अशी दुसरी नाही.

तेव्हापासून येणं-जाणं बंद. रंभाला मी माहेरी जायला मना केलेलं नाही. तिला फक्त सांगितलं आहे की गेलीस तर माझी मान खाली जाईल. ती जात नाही. तिचं काही म्हणणं दिसत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

ऊन फार. मोहफुलं संपत आली. रंभा पहाटे टोपली घेऊन नाल्याकडच्या मोहाखाली जाते आणि उन्हं वर आल्यावर येते. मी म्हटलं, आपल्या घरामागेही मोह आहे. ती म्हणाली, "तिकडचे फूल गोड रायते." असेल.

आज सुकवलेल्या माशांचा रस्सा केला होता. मी दोनदा भात मागून घेतला. कतला होता, जाड कापांचा, मीठ अगदी बेताचं. असा मासा आमच्या संस्थेत कोणाला सुकवता येत नाही. विचारलं तर म्हणाली, सावलीच्या बाजारातला. सावलीचा बाजार शुक्रवारी असतो. म्हणजे पाच दिवसांचा शिळा असणार. पण चवीला बोट ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी उन्हाळ्यात तिला हा मासेवाला बरोबर सापडतो. मी म्हटलं, त्या मासेवाल्याला आपल्या संस्थेत घेतलं पाहिजे. रंभाला एकदम ठसका लागला.

मरळ वर येऊन गेली. सगळं ठीक.

२५ मे, रविवार

रोशनीला फोन केला आणि सरळ विचारलं, "यंदा पाऊस कसा?" ती म्हणाली, "बाबा, अंदाज चांगला आहे, पण तुमी गावात छातीठोक सांगू नका." मी म्हटलं, आपल्या मरळीनेच सांगितलं ना? ती म्हणाली, "आपली एकटी मरळ काई नाई सांगत. चार हजार मिळून सांगतात. शेजारच्याची नसली तं आपल्या मरळीचा उपयोग नाई." हे तिने दोनदा सांगितलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

गावात मी छातीठोक सांगितलं.

१९ जून, गुरुवार

काळजीची बातमी. मरळ वाहत वाहत मोकळ्या समुद्रातून मालदीव नावाच्या देशाच्या पाण्यात चालली आहे. तो सगळा बेटांचाच देश आहे आणि लोक मासेमार आहेत. मासेमार काय असतात ते मला माहीत आहे.

मी रोशनीला म्हटलं, "तिथं ताटी ठोकता येत नाही का?" ती हसत सुटली. म्हणाली, समुद्राला ताटी नसते. आधी त्या देशाला कळवायचं, की आमचं यंत्र तुमच्या पाण्यात येतंय. त्यांना कळवलं आहे. ते म्हणाले, येऊ द्या.

मी म्हटलं, "धरलं तं?"

"काऊन धरतील, बाबा?"

"त्याच्यावर आपलं नाव लिहलं आहे का?"

ती मग म्हणाली, "स्टिकर आहे. आईले द्या जरा फोन." मायलेकी पुष्कळ वेळ बोलल्या. मी तलावावर निघून गेलो.

३० जून, सोमवार

मरळ वर आली नाही. यायचा दिवस काल होता. रोशनी म्हणते, होतं असं कधी कधी. मी म्हटलं, होत नाही. धरली. तुकडे करून भंगारात घातली असणार. आमची मरळ, हळद लावून पाठवलेली.

देवानंद भेटायला आला आणि अगदी तोंड पाडून म्हणाला, "मयताले याले पाह्यजे होतं का?" त्याला हाकलून दिलं.

रंभा म्हणाली, "येईन वर. रागानं खाली बसली असन. काही काहींची सवय रायते."

५ जुलै, शनिवार

रोशनीचा सकाळीच फोन. मंगळवारपासून आमच्या जिल्ह्यात फार मोठा पाऊस आहे. हे मरळीचं नाही, ती तर गप्पच आहे. हे बाकीच्या सगळ्यांनी मिळून सांगितलेलं. ती म्हणाली, तलाव आताच थोडा रिकामा करा, नाहीतर पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटून जाईल.

तातडीची सभा घेतली. तलाव काठोकाठ आहे. आधीच सोडलं आणि पाऊस आला नाही तर पाणी फुकट जाईल, म्हणून ठरलं की सोमवारची रात्र जाऊ द्यायची आणि मंगळवारी सकाळी सातला गेट पूर्ण उघडायचं. एकदम सोडलं तर पाणी जोरात जाईल, पण पाळ वाचेल. पाळ वाचली तर आपला तलाव, आपले मासे, सगळं वाचलं.

देवानंद म्हणाला, "डोंगापारवाल्यायनं नाल्याच्या बाजूच्या बोडीत जिरं सोडलं आहे म्हनते." जिरं म्हणजे माशांची जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं. बोडी म्हणजे लहानसं डबकंच. आमचं पाणी गेलं तर बोडी धुऊन निघेल आणि डोंगापारचं वर्ष गेलं. आदल्या दिवशी कळलं तर बारीक जाळ्याने उचलून मोठ्या तलावात नेता येतं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी म्हटलं, ठराव अजून रद्द झालेला नाही.

अध्यक्षाला असे निर्णय घ्यावे लागतात. जेवताना रंभाने विचारलं, "गेट कवा उघडता?" म्हटलं, मंगळवारी, सातला. तिने परत विचारलं, "नक्की सातलेच?" बायकांना आपल्या कामात एवढा रस वाटतो हे बरं आहे.

७ जुलै, सोमवार

सकाळी आभाळ दाटलेलं, तरी रंभा धुणं घेऊन नाल्यावर गेली. दारात बोअरिंग आहे. म्हटलं, एवढ्या लांब काऊन? म्हणाली, "वाहत्या पान्यात चांगलं निंगते." येताना बादलीत दोनच कपडे होते.

दुपारी रोशनीचा फोन. मरळ सापडली.

एका बेटाजवळ खडकाच्या कपारीत आडवी अडकली होती, शेंडा पाण्याखाली, म्हणून आवाज पोचत नव्हता. मूसा नावाच्या मासेमाराला दिसली. त्याने स्टिकर वाचलं, त्यांच्या ऑफिसला फोन केला, त्यांनी आमच्या रोशनीच्या ऑफिसला. यांनी सांगितलं, यंत्र धड आहे, फक्त खोल पाण्यात नेऊन सोडा. मूसाने आपल्या होडीत तिला निजवलं, एक दिवस मासेमारी बुडवली, लांब नेऊन सोडली आणि ती बुडी मारेपर्यंत तिथे थांबला. फोटो पाठवला. काळं अंग, पोटावर पिवळा ठिपका. रंभाने पदर डोळ्यांना लावला.

मी रोशनीला विचारलं, "त्यानं काय मागतलं?"

"काईच नाई."

"काहीच नाही?"

"त्यानं विचारलं, हिचं नाव काय? मी सांगतलं, मरळ. तो म्हनला, सुंदर नाव आहे."

फोन ठेवला. रंभा समोर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हा मूसा तुमचा कोन लागते जी?"

"कोनी नाई."

"अन् मुखरू?"

मी पेटीतून डायरी काढली आणि लिहायला बसलो. हे एवढं लिहिलं. आता पुढं काय लिहू? मले राग येऊन राह्यला आहे, पन कोनाचा ते समजत नाई. त्या मूसाचाच येते. तुले काय गरज होती एवढं चांगलं वागाची?

थोडं फिरून येतो.

८ जुलै, मंगळवार

कालचं आज लिहितो आहे.

फिरायला म्हणून निघालो आणि घरामागच्या पळसाकडे गेलो. खालच्या फांदीची मोठी पानं कोणीतरी आधीच तोडून नेलेली. शेळ्यांनी खाल्ली असतील म्हणून वरची ओढून काढली. ठराव मोडायचा नव्हताच. ठरावात लिहिलं आहे, संस्थेतर्फे पाणी सांगायचं नाही. मी उमाजी म्हणून चाललो होतो. मान लेकीचा आहे हेही माहीत आहे, पण रंभाला सांगितलं तर ती हसेल असं वाटलं.

द्रोण करणं सोपं नाही. बायका बोलता बोलता करतात म्हणून सोपं वाटतं. पहिला हातातच उसवला. दुसरा नाल्यात सोडला, तो चार हातांवर बुडाला, मी मातीचा गोळा विसरलो होतो. तिसऱ्यात गोळा मोठा झाला, तो सोडताक्षणी गेला. हळदीचे तांदूळ एका द्रोणापुरतेच उरले. चौथा तरंगला. तरंगला, पण पहिल्याच वळणावर बेशरमाच्या झुडपात अडकला. पाण्यात उतरलो आणि काडीने सोडवला. पुढे परत अडकला. मग मी वर आलोच नाही. धोतर खोचलं आणि हातात काडी घेऊन, बदक हाकावं तसा त्या द्रोणाला हाकत हाकत, गुडघाभर पाण्यातून चालत गेलो. नाल्यावर गुरं चारणारी सोमारी म्हातारी उभी होती. तिने विचारलं, "काऊन गा उमाजी, काय हारपलं?" मी म्हटलं, काही नाही.

अर्ध्यावर गेल्यावर मला खरी भीती वाटायला लागली. दिवस कलला होता. आता सांगितलं तरी जिरं उचलायला त्यांना वेळ कुठे उरला? सांगायचंच होतं तर सकाळी सांगायचं होतं. मी पाण्यात पळायला लागलो. द्रोण हातात उचलून घेतला.

डोंगापारच्या बोडीजवळ मुखरू काठावर बसून जाळं घडी घालत होता. तीन वर्षांत केस पांढरे झालेत. त्याने मला पाहिलं, माझ्या धोतराकडे पाहिलं, हातातल्या द्रोणाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मुखरू, उद्या सकाळी सातले गेट उघडतो. पानी सांगाले आलो."

तो म्हणाला, "सकाळीच एक आला नं. हा कोनाचा होय?"

मला काही समजेना. त्याने बोट दाखवलं. मागे त्याच्या बायकोने, शकुबाईने, दाराशी द्रोण ठेवला होता. सुबक, नीट टाचलेला, गोळा बेताचा, हळदीचे तांदूळ अजून तसेच. बोडी रिकामी होती. जिरं दुपारीच मोठ्या तलावात नेलं होतं. घडी घालत होता ते तेच जाळं.

"मागच्या वर्षीबी आला होता," मुखरू म्हणाला. "त्याच्या पह्यले बी. तुमी ठराव केला नं भाऊजी, त्याच्यानंतर एकदाबी चुकला नाई."

शकुबाईने चहा आणला. मी ओल्या धोतराने तिच्या ओट्यावर बसलो. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, "तरी माहे कतले तं तू ठेवलेच."

मुखरू म्हणाला, "कुठी ठेवले? दर उन्हाळ्यात सुकवून देतो नं. शकू मोहाखाली नेऊन देते. तुमाले आवडते म्हने, दोनदा भात घेता." मग त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मीठ बेताचं रायते नं?"

मी चहा बशीत ओतला आणि बशीतच पाहत बसलो. शेवटी म्हटलं, "बेताचं रायते."

"रंभानंच सांगतलं होतं, त्यायले सांगू नोका," शकुबाई म्हणाली. "सांगतलं तं खानार नाई."

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. रंभाने कोरडं धोतर आधीच काढून ठेवलं होतं. सोमारीने गावात सांगितलं असणार. मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

ती म्हणाली, "तुमी बी दहा दिवसांतून एकडाव वर येता. सांगीन सांगीन म्हनतो, तवापर्यंत परत खाली जाता."

मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्याजवळ बसलो. तीन वर्षं, रंभा. तुझं काही म्हणणं दिसत नाही असं मी याच डायरीत लिहून ठेवलं आहे.

आज सकाळी सातला गेट उघडलं. दहाला पाऊस सुरू झाला तो आता संध्याकाळपर्यंत थांबलेला नाही. पाळ टिकली. सांडव्यावर ताटीत एवढा कचरा अडकला की पाणी पाळीवर चढायला लागलं, तेव्हा मी आणि देवानंदने मिळून ताटी उपटली आणि नाल्यात सोडून दिली. तालुक्यात अशी दुसरी नव्हती. तिच्यामागून बरेच मासे गेले. किती ते मी पाहिलं नाही.

१० जुलै, गुरुवार

मरळ वर आली. वर एकोणतीस, खाली तीन. रोशनीला म्हटलं, तुझे अंदाज डोंगापारच्या मामालाही पाठवत जा. ती म्हणाली, "बाबा, मामाले तं मी दोन वर्षांपासून पाठवतो."

या घरात मला सोडून सगळ्यांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य चालू आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. रंभा परवाच माहेरी गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "दोन दिवसांनं येतो." नवीन लुगडं नेसली होती. नाल्याच्या वळणापर्यंत मी सोडायला गेलो. पुढे एकटी गेली. वळणावर तिने मागे पाहिलं नाही, आणि मला बरंच वाटलं. तीन वर्षांनी माहेरी जाणाऱ्या बाईने मागे पाहू नये.

आज दुपारी भात लावला, तो करपला. घर फार मोठं वाटायला लागलं. फोन करावा तर मुखरूच उचलणार आणि चेष्टा करणार. म्हणून पळसाकडे गेलो. आता मला द्रोण बरा जमतो. गोळा बेताचा ठेवला, हळदीचे तांदूळ घातले आणि नाल्यात सोडून दिला. तिला कळेल, असा विचार केला. दुसरा काही विचार केला नाही.

संध्याकाळी मुखरूचा फोन. धापा टाकत होता. "भाऊजी, किती पानी येऊन राह्यलं? आमी सगळे जाळे काढले. भाऊबीजेचे पाहुणे ताटावरून उठवून तलावात उतरवले. आभाळ तं कोरडं आहे, काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही झालं."

"मंग द्रोण काऊन सोडला?"

मागे सगळे पाहुणे ओरडत होते. कोणाचं तरी पोर रडत होतं. मी म्हटलं, "रंभा कवा येते, ते विचाराचं होतं."

मग मुखरू जो हसायला लागला तो थांबेचना. त्याच्या हातातून फोन कोणीतरी घेतला.

"उद्या सकाळी येतो," रंभा म्हणाली. आवाज हसण्याने भरला होता. "भात करपला का?"

"थोडा."

"भांड्यात पानी टाकून ठेवा. अन् आता द्रोण सोडू नोका जी, मानसं ओली झाली इथी."

भांड्यात पाणी टाकून ठेवलं आहे.